गोळी कोणी घ्यायची?

मॅडमनी कागद पुढे सरकवला. मामांनी चष्मा पुसला, पहिली ओळ वाचली आणि कागद तसाच खाली ठेवला. ओळ अशी होती : 'दोन विद्यार्थी सकाळी आठ वाजता ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची एकेक गोळी घेतील.'

"पुढचं वाचा ना, मामा."

"पुढचं मग. आधी सांग, हे दोघे कोण?"

"बारावीतलेच. स्वतःहून पुढे आलेत. घरी विचारूनही आलेत."

"आणि तू त्यांची कोण?"

या प्रश्नाचा रोख मॅडमच्या लगेच ध्यानात आला. त्या तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वहीवर सही त्यांची असते. मामांनी चाळीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काढली. निवृत्त होऊन वाईला राहायला आले तरी कुणाच्याही घरी रिपोर्ट आला की तो आधी त्यांच्याकडे येतो. म्हणूनच मॅडम प्रयोगाचा आराखडा घेऊन आल्या होत्या. प्रयोग साधा दिसत होता. गोळी घ्यायची, दर दोन तासांनी लघवीचा नमुना घ्यायचा, त्यात फेरिक क्लोराइड टाकायचं, येणारा जांभळा रंग कलरीमीटरवर मोजायचा आणि औषध शरीरातून कसं बाहेर पडतं याचा आलेख काढायचा.

"मॅडमनी विचारल्यावर 'नाही' म्हणणारा मुलगा मी अजून पाहिला नाही," मामा म्हणाले. "स्वतःहून आले म्हणतेस, पण मार्क तुझ्या हातात आहेत. आयसीएमआरची २०१७ ची नियमावली काढून बघ. बारा ते अठरा वयाच्या मुलाची लेखी संमती लागते, वर आईवडिलांची वेगळी, आणि त्याआधी नीतिसमितीची मंजुरी. तुझ्या कॉलेजात नीतिसमिती आहे?"

"हे संशोधन नाही मामा, प्रॅक्टिकल आहे."

"मग तर औषध द्यायला कारणच उरत नाही."

मॅडम अशा गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांचं म्हणणं असं, की ही गोळी घराघरात असते. डोकं दुखलं की मुलं कुणाला न विचारता घेतात. तीच गोळी एकदा डोळसपणे घेतली तर बिघडलं कुठे? मामांनी बोटांवर मोजून सांगितलं. दमा असणाऱ्या काहींना ॲस्पिरिनने झटका येतो. पोटात व्रण असला तर रक्तस्राव होतो. रक्तातल्या प्लेटलेटवर या औषधाचा परिणाम कायमचा असतो, आणि प्लेटलेट जगते आठ-दहा दिवस, म्हणजे एका गोळीची आठवण रक्तात आठवडाभर राहते. "आणि महिना कोणता चाललाय? पावसाळा. गावात डेंग्यूचे पेशंट आहेत. डेंग्यूत ॲस्पिरिन देऊ नका हे डॉक्टर कंठशोष करून सांगतात. आज गोळी घेतलेल्या पोराला परवा ताप आला तर?"

याच्या जोडीला राय सिंड्रोमही आहे. ऑस्ट्रेलियातल्या डग्लस राय यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेला हा आजार फ्लू किंवा कांजिण्यांनंतर मुलांच्या यकृतावर आणि मेंदूवर घाला घालतो, आणि ॲस्पिरिनशी त्याचा संबंध पुढे स्पष्ट झाला. ब्रिटनने १९८६ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन देणं थांबवलं, नंतर ही मर्यादा सोळापर्यंत नेली. आजार दुर्मीळ आहे. पण वर्गाला आलेख शिकवण्यासाठी हा धोका, कितीही लहान असला तरी, कुणी कुणाच्या वतीने पत्करावा?

मॅडमना हे पटलं. पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती. "तुम्ही म्हणणार, नकली लघवी करा. गेल्या वर्षी तेच केलं. पाण्यात ग्लुकोज टाकलं, बेनेडिक्ट घातलं, विटेसारखा रंग आला. मुलांना उत्तर आधीच ठाऊक होतं. एकानं परीक्षानळी तापवायच्या आधीच निरीक्षण लिहून टाकलं होतं. याला जीवशास्त्र म्हणायचं का मामा?"

हा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. आपल्याकडच्या प्रयोगवह्यांचं दुखणं त्यांनी नेमकं सांगितलं होतं.

शिवाय मॅडमच्या बाजूने इतिहासही होता, आणि तो त्यांनी तयार ठेवला होता. शरीर एखाद्या पदार्थाचं काय करतं हे माणसाला कळलं ते माणसांनी तो पदार्थ गिळला म्हणूनच. १८४२ मध्ये विल्हेल्म केलर याने बेंझॉइक आम्ल घेतलं आणि त्याच्या लघवीत निघालं हिप्युरिक आम्ल. आत गेलं एक, बाहेर आलं दुसरं! इटलीच्या राफाएले पिरिया याने १८३८ मध्ये विलोच्या सालीतल्या सॅलिसिनपासून सॅलिसिलिक आम्ल बनवलं. पुढे १८५५-५६ च्या सुमारास त्याच्याच शिष्याने, चेझारे बेर्तान्यीनी याने, ते आम्ल स्वतः खाल्लं आणि लघवीत एक नवा पदार्थ शोधला : सॅलिसिल्युरिक आम्ल. ॲस्पिरिन तर तेव्हा औषध म्हणून अस्तित्वातही नव्हतं. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने ते शुद्ध रूपात बनवलं १८९७ मध्ये.

"म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "माझा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी झालाय, आणि तो गिळूनच झालाय."

"त्यानं स्वतः गिळलं," मामा म्हणाले. "विद्यार्थ्याला नाही दिलं."

मामा उठून आत गेले. परत आले ते चहाचे दोन कप आणि पेन्सिल घेऊन. आराखड्याच्या शीर्षकाखाली त्यांनी रेघ ओढली. शीर्षक होतं : 'लघवीतील ॲस्पिरिनचे मापन'.

"समज, गोळी घेतली. तरी तुला ॲस्पिरिन मोजता येणार नाही."

"ते माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या. "रक्तात गेलं की पंधरा-वीस मिनिटांत निम्मं ॲस्पिरिन तुटतं, ॲसिटिल गट निघून जातो, उरतं सॅलिसिलिक आम्ल. लघवीत मूळ रूपात येतं ते अगदी किंचित. शीर्षक बदलते. 'लघवीतील सॅलिसिलेट'."

"कोणतं सॅलिसिलेट?"

इथे मॅडम थांबल्या. यकृत सॅलिसिलिक आम्लाला ग्लायसिन जोडतं आणि त्याचं सॅलिसिल्युरिक आम्ल होतं, म्हणजे बेर्तान्यीनीला सापडलेलंच. साध्या मात्रेत बाहेर पडणाऱ्यापैकी साधारण तीन चतुर्थांश भाग त्याचा असतो. मोकळं सॅलिसिलिक आम्ल दहा टक्क्यांच्या आसपास, बाकीचं ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडलेलं. फेरिक क्लोराइड या सगळ्यांना सारखं ओळखत नाही. त्यातलं लोह पकडतं ते बेंझिनच्या कड्यावरचा मोकळा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे फिनॉलचा गट. ॲस्पिरिनमध्ये हा गट ॲसिटिलने झाकलेला असतो, म्हणून ताजी शुद्ध ॲस्पिरिन फेरिक क्लोराइडला रंग देत नाही. सॅलिसिलिक आम्लात तो गट उघडा असतो. सॅलिसिल्युरिकमध्येही उघडाच असतो, म्हणून त्याचाही रंग येतो. पण ग्लुक्युरॉनिक आम्ल त्याच गटावर येऊन बसलं तर रंग गेला.

"म्हणजे कलरीमीटर एक आकडा दाखवेल," मामा म्हणाले, "आणि त्या आकड्यात दोन-तीन वेगवेगळे पदार्थ असतील. पोरं वहीत लिहितील 'ॲस्पिरिन इतके इतके'. चुकीचं लिहितील, आणि तू सही करशील."

मॅडमनी पेन्सिल घेऊन शीर्षक पुन्हा बदललं : 'फेरिक आयनांशी जांभळा रंग देणारी सॅलिसिलेटे'. लांबलचक आणि ओबडधोबड, पण खरं. दुपारभरात झालेलं हे सर्वांत चांगलं काम होतं, असं म्हणायला हवं.

फेरिक क्लोराइडशी मामांची जुनी ओळख. लघवी तपासायच्या पट्ट्या यायच्या आधी लॅबमध्ये ती बाटली कायम पुढ्यात असायची. मधुमेहाच्या बेशुद्ध पेशंटची लघवी आली की त्यात ती टाकायची. ॲसिटोॲसेटिक आम्ल असलं की लालसर तपकिरी रंग येतो. पण त्याच पेशंटने ॲस्पिरिन घेतलेली असली तर? म्हणून नमुना आधी उकळायचा. ॲसिटोॲसेटिक आम्ल उकळून उडून जातं, सॅलिसिलेट तसंच राहतं. उकळल्यावरही रंग आला की समजायचं, यानं गोळी घेतली आहे. नॉर्वेच्या ॲस्ब्यॉर्न फोलिंग यांचीही गोष्ट त्यांनी सांगितली. १९३४ मध्ये एका आईने आपली दोन मतिमंद मुलं त्यांच्याकडे आणली. फोलिंगनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि रंग आला हिरवा, पुस्तकात नसलेला. औषधांमुळे तर असं होत नाही ना, हे पाहायला त्यांनी मुलांची सगळी औषधं काही दिवस बंद करायला सांगितली. हिरवा रंग तरीही आला. फेनिलकीटोन्युरिया हा आजार त्या रंगातून सापडला.

"बघ," मामा म्हणाले, "त्यानं रंग बघितला आणि पहिला प्रश्न काय विचारला? हा रंग दुसऱ्या कशाचा तर नाही? तुझ्या आराखड्यात हा प्रश्न कुठंय?"

नव्हता. बिनगोळीचा नमुना म्हणून मॅडमनी लिहिलं होतं नुसतं 'पाणी'.

आता बोलणं कामाच्या जागी आलं. पाणी चालणार नाही, कारण लघवीत फॉस्फेट असतं, आणि लोहाला फॉस्फेटची ओढ फार. दिवसाला साधारण ग्रॅमभर फॉस्फरस लघवीवाटे जातो. दीड लिटर लघवी धरली तर फॉस्फेटचं प्रमाण येतं लिटरला वीस मिलिमोलच्या घरात. आणि सॅलिसिलेट? मॅडमनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, रेणुभार १८०, म्हणजे १.६७ मिलिमोल. सगळं दिवसभरात बाहेर पडलं असं धरलं तरी दीड लिटरात सरासरी १.१ मिलिमोल प्रति लिटर. म्हणजे फॉस्फेट जवळजवळ वीसपट. लोह कमी पडलं तर ते सगळं फॉस्फेटच्या मागे जाईल, पांढुरका गाळ बसेल आणि जांभळा रंग फिका पडेल. साध्या पाण्यात केलेला प्रमाण-आलेख अशा नमुन्याला लावला की उत्तर कमी येणार. ते कमी आलंय हे कळणारही नाही.

"म्हणून मी म्हणतो, नकली लघवी," मामा म्हणाले. "पण तुझ्या गेल्या वर्षीसारखी नाही. युरिया घाल, मीठ घाल, पोटॅशियम घाल, आणि फॉस्फेट मुद्दाम घाल. सोडियम सॅलिसिलेट १६० मिलिग्रॅम एका लिटरात घेतलंस की १ मिलिमोल झालं. त्यातून ०.८, ०.६, ०.४, ०.२ आणि शून्य. एकदा पाण्यात करायला लाव, एकदा या नकली लघवीत. दोन रेघा एकमेकींवर बसतात का बघू दे. नाही बसल्या तर का नाही, हे त्यांना शोधू दे. उत्तर आधी माहीत नसलेलं प्रॅक्टिकल हवं होतं ना तुला?"

मॅडमचा चेहरा उजळला, पण त्यांनी हार मानली नाही. "फिल्टर हिरवा, ५४० च्या आसपासचा. आणि द्रावण आम्लच ठेवायचं, नाहीतर लोहाचाच तपकिरी साका होईल. ते सगळं ठीक. पण मामा, काळ कुठंय यात? औषध चढतं, उतरतं. यकृताचं ग्लायसिन जोडण्याचं काम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, म्हणून थोड्या मात्रेत सॅलिसिलेटचा अर्धा काळ दोन-तीन तासांचा असतो आणि मोठ्या मात्रेत पंधरा-वीस तासांवर जातो. लघवी अल्कधर्मी झाली की मोकळं सॅलिसिलेट झपाट्यानं बाहेर पडतं. हे बाटलीत कसं आणाल?"

हॉस्पिटलात गोळ्या जास्त खाल्लेल्या पेशंटला सोडियम बायकार्बोनेट देतात ते याच कारणाने. सॅलिसिलिक आम्लाचा रेणू अल्कधर्मी लघवीत विद्युतभारित होतो आणि मूत्रपिंडाच्या नलिकांमधून परत रक्तात शिरू शकत नाही. मामांनी अशा पेशंटच्या लघवीचा पीएच तासातासाला कागदावर पाहिलेला होता.

"बाटलीत हे येणार नाही," त्यांनी सरळ कबूल केलं. "जिवंत शरीर बाटलीत येत नाही. पण एक करता येईल."

आणि त्यांनी बाटल्यांचा खेळ सुचवला. बाटल्या मामा भरणार. प्रत्येकीवर वेळ आणि आकारमान लिहिलेलं, आत किती सॅलिसिलेट ते फक्त बंद पाकिटात. एक बाटली 'पहिले दोन तास, ६० मिलिलिटर', म्हणजे सकाळपासून पाणी न प्यालेला माणूस. दुसरी 'पुढचे दोन तास, ४०० मिलिलिटर', म्हणजे तांब्याभर पाणी ढोसलेला तोच माणूस. पहिलीत लिटरला २ मिलिमोल, दुसरीत ०.६. पहिली गडद जांभळी होईल, दुसरी फिकट. मुलं म्हणतील, पहिल्या दोन तासांत औषध जास्त गेलं. आकारमानाने गुणायला लावायचं. पहिलीत निघतात ०.१२ मिलिमोल, दुसरीत ०.२४. फिकट बाटलीत दुप्पट औषध! शिवाय पहिली बाटली १ मिलिमोलच्या रेघेबाहेर जाते, तेव्हा आधी ती पातळ करून मोजायची आणि मग परत गुणायचं, हेही त्यांनाच सुचू द्यायचं.

"एका बाटलीत काहीच टाकणार नाही," मामा म्हणाले. "ती कुठली, ते तुलाही सांगणार नाही."

मॅडमनी हे लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तरी शेवटी नकलीच."

"खऱ्या लघवीत काय काय कळतं माहीत आहे तुला? साखर कळते. कोण कसली औषधं घेतं ते कळतं. मुलगी गरोदर असली तर तेही कळतं. वर्गात नाव लिहिलेल्या बाटल्या रांगेत ठेवायच्या आणि पोरांनी एकमेकांच्या रंगावर बोट ठेवायचं? एखादीला त्या दिवशी पाळी आली असली तर? माझ्या लॅबमध्ये नमुन्यावर नंबर असायचा, आणि दार बंद असायचं."

या मुद्द्यावर मॅडमनी वाद घातला नाही. मुलींच्या बाबतीत तर हा विचार आपल्या मनात आधीच यायला हवा होता, असं त्या स्वतःच म्हणाल्या. आराखड्यातली पहिली ओळ त्यांनी खोडली.

पण पाच मिनिटांनी त्यांनी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला औषधांची पिशवी लटकत होती.

"मामा, तुम्ही इकोस्प्रिन घेता ना?"

"पंच्याहत्तर. अँजिओप्लास्टी झाल्यापासून."

"रोज?"

मामांनी चहा संपवला. प्रश्न कुठे निघाला आहे हे त्यांना कळलं होतं. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. इथे औषध कुणी कुणाला देत नव्हतं, ते डॉक्टरांनी आधीच दिलं होतं. माणूस प्रौढ, संमती त्याची स्वतःची, मार्कांचा प्रश्न नाही.

"रंग येणार नाही," ते म्हणाले. "पंच्याहत्तर मिलिग्रॅम म्हणजे ०.४२ मिलिमोल. दिवसभराच्या दीड लिटरात ०.२८. त्यातही गोळीवर आवरण आहे, पोटात विरघळत नाही, पुढं आतड्यात जाऊन विरघळते. फार फिका येईल."

"तुमच्या खालच्या प्रमाणापेक्षा जास्त आहे तो. ०.२ ची नळी आहे ना रांगेत?"

"आणि जेवणाचं काय? जिरं, हळद, भाज्या, सगळ्यात सॅलिसिलेट थोडं असतंच."

ही शंका खरी आहे. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीज इथल्या संशोधकांनी २००३ मध्ये ॲस्पिरिन न घेणाऱ्यांची दिवसभराची लघवी तपासली, तेव्हा शाकाहारी माणसांच्या लघवीत सॅलिसिल्युरिक आम्ल मांसाहार करणाऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं. पण रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णांपेक्षा ते कितीतरी कमी होतं. इतकं कमी, की ते पकडायला महागडं यंत्र लागतं. कॉलेजातल्या फेरिक क्लोराइडला ते दिसायचंही नाही. भाजीतल्या जिऱ्याने मॅडमचा प्रयोग बिघडणार नव्हता. कंबरेला चोळलेल्या गंधपुऱ्याच्या तेलाने मात्र बिघडू शकला असता, कारण ते तेल म्हणजे मुख्यत्वे मिथाइल सॅलिसिलेट, आणि ते कातडीतून आत जातं.

"माझी लघवी कॉलेजात नेणार नाहीस तू," मामांनी ठामपणे सांगितलं. "वर्गात कुणाचाही खरा नमुना नको. हातमोजे, हायपोक्लोराइट, सांडलं तर काय, हे सगळं तुझा शिपाई सांभाळणार आहे का?"

"नाही नेणार."

"आणि मुलांना सांगणार नाहीस कुणाची ते."

"आकडा तरी सांगू?"

मामांनी उत्तर दिलं नाही. आराखडा घेऊन त्यांनी शेवटच्या रिकाम्या जागेत बाटल्यांचे नंबर लिहायला घेतले, एक ते सहा. सातवा नंबर लिहून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मॅडम निघाल्या तेव्हा दारात त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे जुना कलरीमीटर अजून चालतो का हो?"

"दिवा बदलावा लागेल."

रात्री जेवण झाल्यावर मामांनी गोळी घेतली, आणि कालनिर्णयच्या पानावर, त्या दिवसाच्या चौकोनात, पेन्सिलीने बारीक अक्षरात वेळ लिहिली : ९.१०.